भीमाचे डोळे

सुवर्णा खानवलकरला राग यायला कारण लागत नाही, असं तिचा नवरा निमिष म्हणायचा, आणि तेही ती खोलीत नसताना. हे काही खरं नव्हतं. कारणं भरपूर होती. नागपूरच्या शाळेत सात वर्षं पोरांना चित्रकला शिकवलेली बाई लग्न करून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या दोन खोल्यांत येऊन पडली होती. व्हिसा असा की नोकरी करायची नाही. गाडी एकच, ती निमिष सकाळी ऑफिसला घेऊन जाणार. आणि शनिवारी कोणाकडे जेवायला गेलं की हातात प्लेट देता देता कोणीतरी हमखास विचारणार, मग तू दिवसभर करतेस तरी काय? या प्रश्नाला सुवर्णा इतक्या गोड आवाजात काहीतरी कडू बोलायची की लोकांनी हळूहळू विचारणंच सोडून दिलं.

मादेबाई तिला भेटली तीही भांडणातच. २००५ चा ऑक्टोबर होता. एडिसनच्या एका भारतीय दुकानात एक ठेंगणी, पन्नाशीकडे झुकलेली बाई तांदळाच्या पिठाच्या पाकिटांना नखानं भोक पाडून चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघत होती, आणि दुकानदार तिच्यावर खेकसत होता. तिसरं पाकीट फुटलं तेव्हा त्यानं तिचा दंड धरला. सुवर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात सोडा आधी, ती म्हणाली. पीठ जाडं आहे की बारीक हे बघितल्याशिवाय मोदक करायला घ्यायचं कसं, तुम्ही कधी उकड काढली आहे का? तिन्ही फुटलेली पाकिटं तिनं स्वतः विकत घेतली आणि बाईला बाहेर घेऊन आली. बाहेर आल्यावर तुटक्या इंग्रजीत खुलासा झाला. बाईला मोदक वगैरे काही करायचे नव्हते. पीठ कापडाला लावायचं होतं.

तिचं नाव नी मादे सुकेर्ती. मादे म्हणजे दुसरं अपत्य, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. पण पिस्कॅटवेच्या मराठी बायकांनी तिला पुढे मादेबाई करून टाकलं, आणि तिनंही ते चालवून घेतलं. बाली बेटावरच्या कमासान गावची ती. त्या गावात कापडावर देवांच्या आणि पांडवांच्या गोष्टी रंगवतात, देवळांत लावायला. मादेबाई सतराव्या वर्षी अशाच एका चित्रकाराच्या घरात सून म्हणून गेली. घरातली रीत ठरलेली होती. सासरा रेघा काढायचा. बायकांनी रंग घोटायचे आणि त्या रेघांच्या आत भरायचे. मग सासरा पुन्हा येऊन काळ्या शाईनं सगळं पक्कं करायचा आणि सगळ्यांत शेवटी डोळे काढायचा. चित्राखाली नाव कोणाचंच नाही, कारण ते देवाचं काम. पण गावात विचारलं की हे कोणी केलं, तर उत्तर एकच यायचं, सासऱ्याचं नाव.

अशी तीस वर्षं गेली. सासरा वारला, तेव्हा रेघा काढण्याचं काम दिराकडे गेलं. ती त्याच्याहून चांगली काढते हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोललं नाही. मग २००२ मध्ये बालीत बॉम्ब फुटले, पर्यटक यायचे थांबले, कापडं घरात गठ्ठ्यानं पडून राहिली. तिचा नवरा आधी जहाजावरच्या स्वयंपाकघरात गेला आणि तिथून न्यू जर्सीतल्या एका रेस्टॉरंटात आला. त्याच्यामागोमाग ती. आठवड्याचे सहा दिवस ती एका ड्रायक्लीनरकडे उभी राहून शर्टांना इस्त्री करायची आणि सातव्या दिवशी चित्र काढायची. हे सगळं ऐकून सुवर्णाला कोणाकोणाचा राग आला सांगता येत नाही. सासऱ्याचा तर आलाच. दिराचा जरा जास्त आला, कारण तो अजून जिवंत होता.

तेव्हापासून सुवर्णाचे रविवार मादेबाईकडे जायला लागले. पिठाची पातळ पेज करायची, कापड त्यात बुडवून चांगलं मळायचं, उन्हात वाळवायचं, मग मोठ्या कवडीनं घासून घासून गुळगुळीत करायचं. बाल्कनीत कापड वाळत घातलं म्हणून अपार्टमेंटच्या मॅनेजरनं नोटीस चिकटवली. ती सुवर्णानं फाडली. काळा रंग काजळीचा लागायचा. सुवर्णानं आईच्या पद्धतीनं तुपाचा दिवा लावून वर ताटली पालथी घातली, तेव्हा स्मोक अलार्म वाजून अख्ख्या मजल्यावरची माणसं बाहेर आली. मादेबाई जिन्यात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या बाईला हसताना सुवर्णानं तेवढं एकदाच पाहिलं.

मंडळाच्या हॉलचा विषय सुवर्णानंच काढला. मराठी मंडळानं एक जुनं कार्पेटचं गोदाम घेऊन त्याचा हॉल केला होता, आणि गुढीपाडव्यानंतरच्या शनिवारी त्याचं उद्घाटन होतं. स्टेजच्या वर तीस फुटांची भिंत रिकामी होती. तिथे दशावतारांचा छापील बॅनर लावायचं घाटत होतं. सुवर्णानं अध्यक्षांना, म्हणजे प्रतापकाकांना गाठून सांगितलं की छापील कचरा कशाला लावता, हातानं रंगवलेली महाभारताची पट्टी मिळते आहे. काका हो म्हणाले. फुकट मिळते आहे हे कळल्यावर जरा लवकरच हो म्हणाले.

मादेबाईनं पैसे घ्यायचे नाहीत असं आधीच सांगितलं होतं. देवाच्या जागेसाठी हात चालवायचे तर मोबदला नाही, ही तिच्याकडची पद्धत. सुवर्णानं समजावलं की ते तसं देऊळ नाही, कोपऱ्यात एक गणपती आहे आणि बाकी खुर्च्या. मादेबाई म्हणाली, गणपती आहे ना, मग झालं. पण एक गोष्ट तिनं ठरवून टाकली होती. रेघा ती स्वतः काढणार. पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळ्यांसकट. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि रंग भरायला सुवर्णा. पाच महिने, दर रविवारी. ज्या हातानं नागपुरात शंभर पोरांच्या वह्यांवर लाल शेरे मारले, तो हात आता दुसऱ्या बाईच्या रेघेच्या आत मुकाट्यानं गेरू भरत होता, आणि रेघेबाहेर गेला की मादेबाई नुसती थांबून बघायची. सुवर्णाला हे कोणा दुसऱ्याकडून चाललं नसतं.

गोष्ट मादेबाईनं निवडली ती अशी: पांडू आणि माद्री नरकात अडकले आहेत, कुंती भीमाला सांगते की जा, त्यांना घेऊन ये, आणि भीम यमाच्या दारात जाऊन सगळ्या यमदूतांना लोळवतो. ही गोष्ट महाभारतात नाही, असं सुवर्णानं पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं. मादेबाई ब्रश धुवत म्हणाली, "तुमच्या नसेल. आमच्या आहे."

पट्टीवर भीम अकरा वेळा होता. प्रत्येक वेळी काळ्यापांढऱ्या चौकटींचं वस्त्र, अंगठ्याचं लांब नख, आणि वाटोळे, बाहेर आलेले डोळे. सुवर्णानं विचारलं होतं की पांडव असून याचे डोळे राक्षसासारखे का. मादेबाईनं मग ब्रश खाली ठेवून नीट सांगितलं. मऊ बोलणाऱ्या माणसांचे डोळे लांबट काढायचे, अर्जुनाचे, युधिष्ठिराचे. भीम मऊ बोलत नाही. तो कोणापुढे वाकत नाही, देवालासुद्धा अरे-तुरे करतो. म्हणून गोल. हे डोळे बारीक केले तर तो भीम राहत नाही, कोणीतरी दरबारी माणूस होतो.

मार्चच्या शेवटी पट्टी पुरी झाली. अकरा भीमांचे बावीस डोळे मादेबाईनं एका बैठकीत काढले, आणि नंतर बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिनं सासऱ्याचं नाव काढलं नाही. सुवर्णाला मात्र वाटलं की तो म्हातारा इथे उभा असता तर त्याला हे दाखवून चार शब्द सुनावले असते.

मंगळवारी मादेबाई फिलाडेल्फियाला गेली. भाचीच्या बाळाचा पाय पहिल्यांदा जमिनीला लावायचा विधी होता. शुक्रवारी रात्री परत येणार होती. पट्टी सुवर्णाच्या ताब्यात होती. बुधवारी संध्याकाळी कमिटी हॉलमध्ये बघायला आली आणि पट्टी टेबलांवर पसरल्यावर सगळे वाकून एकेक चित्र बघत पुढे सरकले.

मग प्रतापकाका बोलले. "सुवर्णा, डोन्ट माइंड, पण हा भीम आहे की राक्षस? लहान मुलं येणार आहेत हॉलमध्ये. आणि भीम नरकात गेला हे आपल्या महाभारतात कुठे आहे?"

सुवर्णा दीड तास भांडली. तिनं अर्जुनाचे डोळे सांगितले, यमाचा दरबार सांगितला, तुमच्या महाभारताला कोणी हात लावत नाही हेही सांगितलं. एक काका म्हणाले की बाली म्हणजे आपलंच कल्चर, फक्त तिकडे जाऊन जरा बिघडलेलं. हे वाक्य बोलणारा माणूस पंधरा वर्षं अमेरिकेत राहून गणपतीला डोनटचा नैवेद्य दाखवत होता. सुवर्णानं ते त्याच्या तोंडावर सांगितलं, आणि त्यानंतर वाद चित्रावर राहिलाच नाही.

शेवटी विनीताकाकू, म्हणजे प्रतापकाकांच्या बायको, तिला बाजूला घेऊन गेल्या. छापील बॅनरची ऑर्डर अजून देता येते, प्रताप उद्या दुपारी फोन करणार, असं त्यांनी हळूच सांगितलं. मग तिचा हात हातात घेतला. "भीमाचे डोळे तेवढे जरा सॉफ्ट कर ना. बाकी कोणी काही म्हणणार नाही. तुझं ड्रॉइंग इतकं सुंदर आहे, कोणाला कळणारसुद्धा नाही. यू आर द आर्टिस्ट हिअर."

या शेवटच्या वाक्याचा सुवर्णाला राग यायला हवा होता. आला नाही. दोन वर्षांत तिला हे कोणी म्हणालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी निमिष ऑफिसला गेल्यावर तिनं पट्टी जमिनीवर अंथरली. फ्रिजवर फिलाडेल्फियाचा नंबर चुंबकाखाली लावलेला होता. तो तिनं पाहिला, दोनदा पाहिला. फोन केला तर उत्तर काय येईल हे तिला ठाऊक होतं, म्हणून केला नाही. मनातल्या मनात ती कमिटीच्या एकेकाला शिव्या घालत होती: या मूर्खांमुळे मला हे करावं लागतं आहे, हे नाही केलं तर पाच महिन्यांची मेहनत कपाटात जाईल, एकदा लागू दे, मग बघते यांच्याकडे. आणि असं पुटपुटत तिनं मादेबाईचाच पांढरा रंग वाटीत कालवला. गोल बुबुळांवर पांढरं भरलं, वाळू दिलं, वर काजळीच्या शाईनं लांबट, खाली झुकलेल्या पापण्या काढल्या. हात तिचा चांगलाच होता. एकही रेघ हलली नाही. दुपारपर्यंत अकराही भीम सोज्वळ दिसायला लागले, एखाद्या कॅलेंडरवरच्या देवासारखे. चौथ्या भीमाच्या वेळी तिला काम करताना मजा वाटली होती. हे तिनं पुढे कोणालाच सांगितलं नाही, निमिषलासुद्धा नाही.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मादेबाई हॉलवर आली. कमरेला जरीचं वस्त्र, डोक्यात फूल, हातात पानांच्या द्रोणात फुलं आणि तांदूळ. पट्टी वर लागलेली होती. ती दारातूनच बघत बघत आली, स्टेजपाशी थांबली आणि तिथेच उभी राहिली. मग द्रोण खुर्चीवर ठेवून कोपऱ्यातली शिडी ओढली, वर चढली आणि पहिल्या भीमाच्या पापणीवर बोट ठेवलं. सुवर्णा खाली उभी होती. तिला बोलायची घाई झाली. कमिटी कशी अडून बसली, बॅनर कसा येणार होता, हे ती भराभर सांगायला लागली.

"हात कोणाचा?" मादेबाईनं विचारलं.

सुवर्णा म्हणाली, माझा.

मादेबाई शिडीवरून उतरली. तिचा आवाज चढला नाही, पण इंग्रजी शब्द ती एकेक करून बाहेर काढत होती. "माझ्या सासऱ्यानं मला कधी विचारलं नाही. कारण माझं काही असतं, हे त्याला माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं. तुला मी सगळं सांगितलं होतं."

सुवर्णानं सॉरी म्हटलं. मादेबाईनं द्रोण उचलला आणि आली त्या दारानं निघून गेली.

अकरा वाजता हॉल भरला. जरीच्या साड्या, नव्या कुर्त्यातली मुलं, मागे चहाचे मोठे थर्मास. सुवर्णा तिसऱ्या रांगेत निमिषशेजारी बसली होती आणि दोन तास तिनं तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे निमिष पुरता घाबरलेला होता. समई लावून झाली. प्रतापकाकांनी माइक घेतला आणि डोनर्सची नावं वाचली. मग पट्टीकडे हात करून म्हणाले की ही बालीची कला, पण आपल्या सुवर्णानं तिला आपला टच दिला, ओरिजिनलपेक्षा सुंदर केली, तिच्यासाठी टाळ्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या तिच्या अंगावर आल्या. जो संताप उठला त्याला आतापर्यंतच्या कुठल्याही संतापाची सर नव्हती, कारण आतापर्यंत तो कायम दुसऱ्या कोणावर असायचा. ती उठली आणि सरळ स्टेजवर गेली. प्रतापकाकांना वाटलं आभार मानायला आली, त्यांनी माइक पुढे केला. तिनं तो घेतला नाही. सकाळची शिडी आता पडद्यामागे नेऊन ठेवलेली होती. ती तिनं बाहेर ओढली, पदर खोचला आणि चढायला लागली.

पहिली दोरी सुटली तेव्हा प्रतापकाका म्हणाले, अगं, हे काय चाललं आहे, ही मंडळाला दिलेली सेवा आहे, आता ती मंडळाची झाली.

"दिली होती ती ही नव्हे," सुवर्णा वरून म्हणाली. माइक नसताना तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला; वर्गात कमावलेला आवाज होता तो. "हे चित्र नी मादे सुकेर्तीचं आहे. डोळे मी बिघडवले. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, मला ते करता येतं म्हणून. टाळ्या कसल्या वाजवता?"

कोणीतरी तिला खाली ओढायला पुढे आलं. तेवढ्यात निमिष स्टेजवर चढला आणि शिडी धरून उभा राहिला, तो शेवटची दोरी सुटेपर्यंत. त्या क्षणी तो काय विचार करत होता देव जाणे. ज्या प्रतापकाकांच्या शिफारशीवर त्याला नोकरी लागली होती, ते त्याच्यापासून दोन हातांवर उभे होते. तीस फूट कापड दोघांनी गुंडाळलं आणि मधल्या वाटेनं बाहेर नेलं. मागे एक लहान मुलगी आईला विचारत होती, "व्हाय इज शी टेकिंग इट?"

मादेबाईनं दार उघडलं तेव्हा ती घरच्या कपड्यांत होती. आत ये म्हणाली नाही. सुवर्णानं गुंडाळी पुढे केली. तिनं ती घेतली आणि दारातच हातभर उलगडली. पहिला भीम वर आला. सुवर्णानं चाचरत विचारलं, वरचा पांढरा हलक्या हातानं खरवडला तर? मादेबाईनं मान हलवली. त्याखालचं पीठही निघेल आणि कापड उघडं पडेल, एवढंच ती म्हणाली. मग नवीन पट्टी करू, सुवर्णा म्हणाली, मी रोज येते, कापड मळते, रंग भरते, तुम्ही म्हणाल तसं आणि तेवढंच.

मादेबाईनं कापड परत गुंडाळलं. "भीम मी पुन्हा काढीन," ती म्हणाली. "रंगही मीच भरीन. तीस वर्षं भरले आहेत. तू येऊ नकोस." दार लोटता लोटता ती थांबली. या वेळी तिनं सुवर्णाकडे नीट पाहिलं, आणि त्या पाहण्यात माया अजिबात नव्हती. "तुझी रेघ चांगली आहे. फार चांगली आहे. मग इतकी वर्षं स्वतःच्या कापडावर का नाही काढलीस?"